देवाजीभाऊंची काडेपेटी

माझं नवं कोरं जॅकेट देवाजीभाऊंनी जाळलं, ही आमची पहिली ओळख. अख्खं नाही जाळलं, पण जाळलं. सेक्टर १०च्या त्या क्वार्टरमध्ये राहायला येऊन आम्हाला चारच दिवस झाले होते. सकाळी मी सायकलमध्ये हवा भरत होतो आणि जॅकेट फाटकावर टांगलेलं होतं. शेजारच्या क्वार्टरमधून एक उंच, वाळका म्हातारा आला. त्याने जॅकेट उलटं केलं, आतल्या शिवणीतला एक धागा नखाने ओढून काढला, खिशातून काडेपेटी काढली आणि धागा पेटवला. धागा आकसला, वितळला, त्याची काळी गोळी झाली. ती गोळी त्याने माझ्या तळहातावर ठेवली. चांगलाच चटका बसला.

"पाह्य. गोळी झाली. राख व्हाले पायजे होती," तो म्हणाला. "वापस करून दे. हे जाकीट नोहे, मेणबत्ती हाय."

मी विचारलं, "तुम्ही कोण?" तर म्हणे, "मी मेश्राम. चहा घेतो मी, बिनसाखरेचा." आणि सरळ आमच्या पायरीवर बसला. ते जॅकेट मी परत करायला गेलो तेव्हा दुकानदाराने शिवण पाहिली आणि सांगितलं, धागा ओढलेला माल आम्ही घेत नाही.

देवाजी मेश्राम इथल्या पोलाद प्लांटच्या ब्लास्ट फर्नेसमधून, म्हणजे लोखंडाच्या भट्टीवरून, निवृत्त झालेले. सगळा सेक्टर त्यांना देवाजीभाऊ म्हणायचा आणि त्यांच्यापासून आपले कपडे सांभाळायचा. भट्टीवर काम करणाऱ्याने अंगात नायलॉन, पॉलिस्टर घालायचं नाही, सुती घालायचं, हा प्लांटचा नियम. तो सगळेच पाळतात. पण गेटबाहेर आल्यावर कोणी पाळत नाही. हे गृहस्थ मात्र निवृत्त झाल्यावर तो नियम लग्नाच्या मांडवात, बाजारात, दुसऱ्यांच्या दोरीवर वाळणाऱ्या कपड्यांत सगळीकडे घेऊन फिरायचे. माझ्या बायकोच्या साडीच्या पदराकडे ते एकदा टक लावून पाहत होते. ती आत गेली आणि ते जाईपर्यंत बाहेर आली नाही.

मी सायकल चालवायला लागलो ती हौसेने नाही. डॉक्टरांनी रक्तातली साखर पाहिली आणि सांगितलं, स्कूटर विका. मी वर्कशॉपला, पहिली पाळी. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पाचला इकडे धुकं असं उतरतं की हँडलवरची बोटं आपली आहेत की नाहीत ते कळत नाही. मला एक बरं जॅकेट हवं होतं, बस. एवढ्याशा गोष्टीसाठी मी त्या माणसाच्या तावडीत सापडलो.

जाळलेल्या जॅकेटचं नुकसान भरून द्यायचं म्हणून ते मला स्वतःच बाजारात घेऊन गेले. हिवाळ्यात तिबेटी लोक स्वेटरची दुकानं लावतात तिथे. मी एक छानसा निळा स्वेटर उचलला. चिठ्ठीवर शुद्ध लोकर लिहिलेलं. देवाजीभाऊंनी काडी ओढली. "कापूस जळला त कागदासारखा वास येते," ते आजूबाजूच्या गिऱ्हाइकांना समजावू लागले, "ऊलन जळली त केसासारखा. अन गोळी झाली त समजाचं, फॅक्टरीत बनला." गोळी झाली. दुकानातल्या बाईने त्यांच्या हातातली काडेपेटी हिसकावली आणि हिंदीत असं काही सुनावलं की मी मान खाली घालून शेजारच्या मोज्यांच्या दुकानात शिरलो. पुढच्या वर्षी मी एकटा गेलो तरी तिने मला ओळखलं.

शेवटी मी हात टेकले. तुम्हीच सांगा काय घालू, म्हटलं. त्यांनी सांगितलं नाही, घातलंच. आत सुती बनियान. त्यावर सुती फुलशर्ट. त्यावर खऱ्या लोकरीचा बिनबाह्यांचा स्वेटर, हा त्यांनी स्वतःच्या पेटीतून काढून दिला, डांबरगोळ्यांच्या वासासकट. छातीवर कालच्या पेपरची घडी. आणि सगळ्यांवर जाड सुती कोट, चेन नाही, बटणांचा. मी आरशात पाहिलं आणि रडायचा बाकी राहिलो.

"मला थंडी वाजतेय याच्यात," मी म्हटलं.

"घरून निघतानी वाजलीच पायजे," ते म्हणाले. "घरीच गरम वाटून राहिलं त समज जास्त घातलं. थंडी बाहेरून कमी येते, आतून जास्त येते. घाम आला का मेला तू. पुलावर चढतानी दोन बटनं खोलजो, उतरतानी लावजो. बटन कावून पायजे ते आता समजलं?"

चीड याची यायची की हे खरं निघालं. त्या अवतारात वाटेतल्या पुलापर्यंत गेलो तोवर थंडी पळाली होती, आणि प्लांटच्या गेटवर पोचलो तेव्हा पाठ कोरडी होती. महागडी जॅकेटं घालून येणारे लोक स्टँडवर सायकल लावून ओल्या पाठीने कुडकुडत उभे असायचे. त्यांना पाहून मला बरं वाटायचं, आणि बरं वाटल्याचा राग यायचा. दुपारी पाळी सुटून परतलो की देवाजीभाऊ पायरीवर बसलेलेच असत. "सुका आला का वला?" एवढंच विचारत. मी कधी खरं सांगितलं नाही, पण शर्टाच्या पाठीला हात लावून ते स्वतःच पाहून घेत.

हिवाळ्यातल्या प्रत्येक रविवारी ते सायकलने उतई गावी जात. पंच्याहत्तरीचा माणूस, छातीत खरखर. मी म्हटलं, बसने जा. "बस माह्या पायानं चालते का?" म्हणाले. मग एका जानेवारीत बायकोनेच मला त्यांच्यामागे धाडलं, म्हातारा कुठे पडला तर उचलायला कोणी हवं म्हणून.

उतईच्या अलीकडे एक तलाव लागतो. तिथे ते उतरले, कॅरिअरच्या पिशवीतून एक मरून रंगाचा स्वेटर काढला आणि चक्क कोटावरून डोक्यातून घातला. पिवळी नागमोडी नक्षी, हातविणीचा. एव्हाना मीही कापड ओळखण्यात तयार झालो होतो. बाही बोटात धरली आणि लगेच कळलं, यात लोकरीचा एक केस नाही. मला कोण आनंद झाला म्हणून सांगू. इतक्या वर्षांचा सूड हातात आला होता. मी त्यांच्याच कोटाच्या खिशात काडेपेटीसाठी हात घातला.

त्यांनी माझं मनगट धरलं. त्या वाळक्या हातात एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं.

"याले नाही," ते म्हणाले. "अन तिथं गेल्यावर जाळाचं नाव काढजो नको."

"का? लोकांचे जाळायचे आणि स्वतःचा..."

"चाल."

उतईत ते एका छोट्या घरी गेले. पार्बताकाकू तिथे एकट्या राहत. त्यांचे यजमान सुकदेव आणि देवाजीभाऊ एकाच भट्टीवर होते आणि तरुणपणी शेजारी शेजारी खोल्या घेऊन या उतईतच राहायचे, पहाटेच्या पाळीला बरोबर सायकलने निघायचे. काकूंनी आम्हाला पोहे दिले. देवाजीभाऊ कोट, त्यावर तो स्वेटर असे ताठ बसून खात होते आणि त्यांच्या कपाळावरून घाम गळत होता. घामाला मरण म्हणणारा माणूस. मला काही उमगेना.

"मीच विणला," काकू भिंतीवरच्या यजमानांच्या फोटोकडे बोट करत मला म्हणाल्या. "यायच्यासाठी विणला होता तसाच, त्याच लोकरीचा. रस्त्यात भुर्री शेकतानी जाळ लागला यायले. पण असली ऊलन होती म्हणून छाती वाचली, देवाजी सांगते. नाहीतर तिथंच गेले असते. आठ दिवस भेटले मले, या स्वेटरच्यानं." मग त्यांनी मला विचारलं, "तुमीबी प्लांटातले ना जी? असली ऊलन चिकटत नाही, राख होते, हे खरं हाय ना?"

भुर्री म्हणजे इकडे रस्त्याकडेला पेटवतात ती शेकोटी. काय झालं असेल ते त्या क्षणी मला सगळं कळलं. देवाजीभाऊ ताटलीत पाहत होते. त्यांचा चमचा थांबला होता.

"खरं आहे, काकू," मी म्हटलं. "राख होते."

चमचा पुन्हा चालू झाला.

परतताना तलावापाशी त्यांनी स्वेटर काढला, नीट घडी केली, पिशवीत ठेवला. मी काही विचारलं नव्हतं.

"सुकदेव घामानं वला झाला होता," ते म्हणाले. "मीच म्हटलो, ये, कोट खोल, छाती शेकून घे. ठिणगी उडाली. कोट असता त विझली असती. तो स्वेटर पाघळला, अन चिकटला. मी ओढून राहिलो होतो, पण निघेच ना. अन वयनी दवाखान्यात एकच विचारून राहिली होती, माह्या स्वेटरनं त नाही ना झालं? मी म्हटलो, नाही वयनी, स्वेटरनं वाचला तो. पुढच्या साली मीच म्हटलो, मलेबी एक विणून दे, त्याच लोकरीचा. नाहीतर तिले खरं कसं वाटलं असतं?"

"आणि साऱ्या सेक्टरचे धागे कशाला जाळता?" माझा आवाज चढला होता. मला इतकं वाईट वाटत होतं की ओरडण्यावाचून काही सुचेना.

"सांगता येत नाही ना बे," ते म्हणाले. "म्हणून जाळून दाखवतो."

त्यानंतर चार हिवाळे मी त्यांच्याबरोबर रविवारी गेलो. दर वेळी तो खोटेपणा, तो घाम, परतताना खोकला. छातीच्या डॉक्टरांनी सायकल बंद सांगितली तर हे डॉक्टरांच्या कोटाची बाही तपासू लागले. मी भांडायचो. एकदा स्वेटर लपवूनही ठेवला. त्यांनी आठवडाभर माझ्याशी बोलणं टाकलं आणि रविवारी पहाटे फाटकाशी उभे राहून नुसती घंटी वाजवत राहिले. दिला मग काढून.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर, थंडी पडू लागली तशी त्यांची छाती भरली आणि दवाखान्यातून ते परत आले नाहीत. त्यांच्या मुलाने मला त्यांचा सुती कोट दिला. खिशात काडेपेटी होती, अर्धी भरलेली.

पुढच्या रविवारी मी एकटाच उतईला गेलो. काकूंना निरोप पोचला होता. त्या रडल्या नाहीत, आत जाऊन एक आकाशी रंगाचा स्वेटर घेऊन आल्या, अगदी माझ्या मापाचा.

"देवाजीनं विणाले सांगून ठेवलं होतं तुमच्यासाठी," त्या म्हणाल्या. "त्याच लोकरीचा."

म्हणजे म्हाताऱ्याने जाता जाताही मला सोडलं नव्हतं. मी तो मुकाट्याने कोटावर घातला. काकूंनी खांद्यावरची शिवण सारखी केली आणि अगदी हळू म्हणाल्या, "रस्त्यात भुर्री दिसली त जवळ जाजा नको जी. गेलेच त हा काढून ठेवजा पहिले. हे चिकटते."

"तुम्हाला माहीत होतं?"

"यायच्या अंगावरचे कपडे दवाखान्यातून मलेच देले होते ना, पोटली बांधून."

"मग देवाजीभाऊंना का नाही बोललात? इतकी वर्षं?"

"त्यानं स्वतःच मागितला तसाच स्वेटर. नाही म्हटलं असतं त समजलं असतं त्याले." काकू हातातला लोकरीचा गुंडा उगाच गुंडाळत राहिल्या. "दर इतवारी घामाघूम होऊन बसे बिचारा. त्याले वाटे, तो माहं मन राखून राहिला. राखू देलं मी."

मी निघालो. तलावापाशी येईपर्यंत पाठ चिंब झाली होती. सायकल उभी केली आणि त्या रिकाम्या रस्त्यावर देवाजीभाऊंना मोठमोठ्याने शिव्या घातल्या. तिला माहीत होतं, भाऊ. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. एवढंच त्यांना सांगायचं होतं, एकदा, ते जिवंत असताना. मला रडू आलं ते बराच वेळ थांबेना.

मग स्वेटर काढला, नीट घडी केली आणि पिशवीत ठेवला. पुढच्या रविवारी घालायचा होता.