बॉडी मरोळची, चासी लिलावातली

आयुष्यात आपल्याला दोनच गोष्टी नीट जमल्या असं माझे वडील सांगत: एक मी आणि दुसरी ती गाडी. पहिला नंबर कुणाचा, ते त्या दिवशी गाडी सुरू झाली की नाही त्यावर ठरायचं.

आम्ही मरोळच्या गावठाणातले ख्रिस्ती. जिथे आमची भातशेती होती तिथे सरकारने कारखान्यांची वसाहत उठवली आणि त्यातल्याच एका कारखान्यात पप्पा वेल्डर म्हणून लागले. आई म्हणायची, स्वतःच्याच बांधावर हजेरी लावायला जाणारा हा पहिलाच माणूस. तर या पप्पांना एका जुन्या विलायती मासिकात स्पोर्ट्स गाडीचं चित्र सापडलं. लढाईच्या आधीची, बिनटपाची, दोन माणसांची, लांब नाकाची गाडी. ती विकत मिळणं शक्यच नव्हतं. म्हणून पप्पा म्हणाले, "बनवतो." आईने कपाळावर हात मारला.

लष्कराच्या लिलावातून एक मोडकी जीप आमच्या अंगणात आली. पप्पांनी तिचं वरचं सगळं सोलून काढलं. खाली उरला तो लोखंडी सांगाडा, म्हणजे चासी, आणि इंजिन. नव्या बॉडीची लाकडी चौकट वर्सोव्याच्या एका होड्या बांधणाऱ्या कोळ्याने करून दिली. मडगार्ड ठोकले ट्रंका बनवणाऱ्या पत्रेवाल्याने, आणि ते ट्रंकांसारखेच दिसायचे. उन्हात उभी राहिली की गाडीला सुक्या बोंबलांचा वास यायचा. पण लाल रंग चढल्यावर, खोटं कशाला बोलू, झकास दिसत होती. लांबून.

तोवर माझं लग्न ठरलं. मुलगा वांद्र्याचा. त्याच्या घरी इंग्रजी चालायचं, मराठी फक्त मासळीवालीपुरती. त्याच्या आईने निरोप धाडला की नवरीसाठी आमची काळी मोटार पाठवू, तुम्ही त्रास घेऊ नका. पप्पांना ते झोंबलं. माझी मुलगी देवळात माझ्याच गाडीतून जाणार, असं त्यांनी साऱ्या गावठाणाला सांगून टाकलं. चर्चला आम्ही देऊळच म्हणतो. आता गाडीला नंबर मिळण्याचं तेवढं बाकी होतं, आणि तिथेच वाट लागली.

आमच्याकडे माणसाची ओळख एकाच कागदाने पटायची, देवळातल्या बाप्तिस्म्याच्या दाखल्याने. शाळेत तोच, नोकरीत तोच, लग्नाला तर हवाच. पप्पांनी सरळ विचार केला की माणसाला चालतो तो गाडीला का चालू नये. त्यांनी गाडी फादरांपुढे उभी केली, तिच्यावर पवित्र पाणी शिंपडून घेतलं आणि 'ही गाडी आमच्या गावात, माझ्या डोळ्यांदेखत तयार झाली' असं शिक्क्यानिशी लिहून घेतलं. तो कागद घेऊन ते मोटारींच्या सरकारी कचेरीत गेले. त्यांना इंग्रजी वाचून दाखवायला म्हणून मीही बरोबर होते.

इन्स्पेक्टरने दाखला वाचला, गाडीकडे पाहिलं आणि परत दाखला वाचला.

"कंपनी कुठली?"

"मरोळ," पप्पा म्हणाले.

"अहो, बनवली कुणी?"

"मी."

"कुठल्या सालचं मॉडेल?"

"साल कसलं साहेब, रंग अजून वाळतोय."

इन्स्पेक्टर हसला नाही. तो वाकला, पप्पांनी प्रेमाने चढवलेला लाल रंग किल्लीने खरवडला, आणि खालून जीपचा नंबर वर आला. त्यावर कागद धरून त्याने पेन्सिल घासली.

"पावती जीपची, चासी जीपची, इंजिन जीपचं. जीप म्हणून नोंदवतो. सही करा."

"ही जीप दिसते तुम्हाला?"

"बॉडी कुणीही बांधो, नाव चासीचं लागतं. सरकारचा नियम आहे."

पप्पांनी सही केली नाही. घरी येईपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत आणि घरी आल्यावर थांबले नाहीत. "एवढी वर्सं घासलो मी, आणि कागदावर लष्कराचं भंगार? असल्या नावानं ही गाडी मी रस्त्यावर काढनार नाय!"

लग्न रविवारी होतं आणि हा गुरुवार. "मग मागवा ती काळी मोटार," आई म्हणाली. तिने आगीत तेलच ओतलं.

मला भयंकर राग आला. गाडीचा नाही, पप्पांचा.

"पप्पा, रविवारी माझ्या नावापुढचं तुमचं नाव जाणार. वांद्र्यावाल्यांचं लागणार. त्याचं तुम्हाला काही नाय, आणि या पत्र्याच्या डब्यासाठी रडताय?"

बोलून गेले आणि मलाच रडू फुटलं. मला त्याचं इतकं वाईट वाटतंय हे तोवर मला माहीतच नव्हतं. पप्पा ताटावरून उठले. मग अंगणात जाऊन गाडीला टेकून उभे राहिले. शुक्रवारी सकाळी कचेरीत जाऊन त्यांनी सही केली.

रविवारी मी त्या लाल जीपमधून देवळात गेले. दाराने ऐनवेळी दगा दिला, तेव्हा मामाने मला गाऊनसकट वरून उचलून काढलं. वांद्र्याची मंडळी तोंडाला रुमाल लावून बघत होती. हसू लपवायला की बोंबलांच्या वासामुळे, ते मी विचारलं नाही.

लग्न लागल्यावर देवळाबाहेर सासूबाईंनी माझा हात धरला. बाई मनाने चांगली. मोडक्यातोडक्या मराठीत पप्पांना म्हणाल्या, "आता ही आमची हां. नावपन आमचंच."

पप्पांच्या कोटाच्या बाहीला लाल रंग लागला होता. त्यांचे डोळेही त्याच रंगाचे झाले होते.

"ती बॉडी झाली, बाई," ते म्हणाले. "चासी माजी हाय. आनि नाव चासीचं लागतं, सरकारचा नियम हाय."

सासूबाई अर्थ विचारायला माझ्याकडे वळल्या. मी त्यांना ते इंग्रजीत करून सांगितलं नाही.