चेहरा नको, हातच हवा

मॅडमनी माझं मनगट धरलं आणि माझा हात शेवळाच्या रानभाजीच्या जुडीवर ठेवला.

"असाच राहू दे. बघ ना, रंग कसा मातीत मिसळून गेलाय."

हे त्या मला सांगत नव्हत्या. कॅमेरा घेऊन आलेल्या त्यांच्या मैत्रिणीला सांगत होत्या. मी केस मागे केले, मान सरळ केली. फोटो म्हणजे तोंड दाखवायचं, एवढंच मला माहीत.

"नाही, नाही. चेहरा नको, हातच हवा."

मी चेहरा बाजूला घेतला. हात तिथेच ठेवला.

चार-पाच फोटो झाले. मग त्यांना नखात माती हवी होती. माझ्या नखात माती नव्हती. सकाळीच हॉस्टेलवर साबणाने घासून हात धुतले होते. "थोडी लाव ना," त्या म्हणाल्या. टोपलीच्या तळाशी माती होती. ती मी बोटांनी उचलली आणि नखांत भरली. कुणी जबरदस्ती केली नाही. मीच भरली.

शहापूरला आमच्या कॉलेजात रानभाजी महोत्सव होता. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. अंगावर गुडघ्यापर्यंत नेसलेलं लुगडं होतं. आमच्या वाडीत असं लुगडं आता दोन-तीन म्हाताऱ्याच नेसतात. हे सरांनी नाटकाचे कपडे भाड्याने देणाऱ्या दुकानातून आणलं होतं. त्याला दुसऱ्या कुणाच्या तरी घामाचा आणि पावडरीचा वास येत होता. मी ठाकर. ठाकराच्या मुलीला ठाकरीण दिसायला भाड्याचे कपडे लागले.

मला ओळखणारे म्हणतील, ही गप्प बसली? खोटं आहे. मी भांडखोर आहे. शहापूरच्या बाजारात लहानपणापासून आईशेजारी बसून मी भाव करायला शिकले. गिऱ्हाईक चालू लागलं की किती पावलं जाऊ द्यायचं आणि मग हाक मारायची, ते मला कळतं. वजनात मारणाऱ्या व्यापाऱ्याच्या अंगावर मी दहावीत असताना धावून गेले होते. पण त्या दिवशी मी गप्प बसले. कारण मॅडमनी जे केलं ते मी दहा दिवस आधीच करून बसले होते. तेही सख्ख्या आईला.

ते सांगते.

याच मॅडम आमच्या कॉलेजात आधी एकदा बोलायला आल्या होत्या. ठाण्याच्या. तिथल्या काही घरांचा त्यांनी गट केला होता. विषारी फवारणीचं खायचं नाही, दलालाकडून घ्यायचं नाही, पिकवणाऱ्याकडून थेट घ्यायचं. त्या चांगलं बोलल्या. "ताटातलं अन्न कुणी आणलं, हे विचारायला शिका," असं म्हणाल्या. मी वहीत उतरवून घेतलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. मला ते पटलं होतं. आजही पटतं.

माझ्याशेजारी प्राची बसली होती. सापगावची. वडिलांचं दुकान, घरी गाडी. माझी एकुलती एक मैत्रीण. तिला मी शेणव्याची आहे एवढंच सांगितलं होतं. शेणव्यापासून वर डोंगराला आमची वाडी आहे, हे सांगितलं नव्हतं. हॉस्टेल आदिवासी मुलींचं आहे हेही नाही. "मामाकडे राहते" म्हणायचे. शिष्यवृत्तीची यादी नोटीस बोर्डावर लागली की मी आधी जाऊन त्यावर दुसरा कागद टोचून यायचे. वर्गात आमच्यातल्या एकाला सगळे 'सरकारी जावई' म्हणायचे. मीही हसायचे त्यात. सगळ्यांपेक्षा जरा जास्तच हसायचे.

दुसऱ्या दिवशी प्राची म्हणाली, "चल, बाजारातून शेवळं घेऊ. आजी कधीची मागतेय. आणि दलालाकडून नको हं, थेट."

आई रविवारी आणि गुरुवारी बसायची. त्या दिवशी गुरुवार होता. मला ठाऊक होतं. मी प्राचीला दुसऱ्या गल्लीने न्यायला बघितलं. पण ती सरळ आईच्या टोपलीपुढेच जाऊन बसली. आईचीच शेवळं ताजी होती ना. आईची नेहमीच ताजी असतात. पहाटे काढलेली, ओल्या पानात गुंडाळलेली.

आईने मला बघितलं. तिचं तोंड उघडलं. माझं नाव तिच्या ओठांवर आलेलं मी बघितलं.

मी मान हलवली. जराशी. नाही अशी.

तिने तोंड मिटलं.

प्राचीने वहीतले प्रश्न विचारायला सुरुवात केली. "मावशी, कुठून आणता हो?"

"डोंगरातून. शेणव्याच्या वरतून."

"अगं, तुझ्याच बाजूच्या की या!" प्राची मला म्हणाली. मी दुसरीकडे बघत होते. "आणि कोण कोण जातं काढायला?"

"मीच जाते, बाय. आधी पोर यायची संगं. ती आता शिकते."

"अय्या, हो? काय शिकते?"

आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "लय मोठं शिकते."

प्राचीला फार आनंद झाला. तिने मला कोपराने ढोसलं. "तू भाव कर ना. तुला जमतं."

हो म्हणणं सोपं नव्हतं, पण नाही म्हणणं त्याहून अवघड होतं. नाही म्हटलं असतं तर प्राचीने विचारलं असतं, का? म्हणून मी आईसमोर उकिडवी बसले आणि भाव केला.

मी आईशी भाव केला. जुडी उचलून म्हटलं, "एवढीशी जुडी? एवढ्याला?" आईनेच शिकवलेल्या सगळ्या युक्त्या आईवर वापरल्या. जुडी खाली टाकली. उठले. दोन पावलं चालले. आईने हाक मारायच्या आधीच मागे वळले, कारण मला भीती वाटली की ती नावाने हाक मारेल.

"घ्या, ताई," आई म्हणाली. "तुमी म्हनाल तसं."

माझी आई एका रुपयासाठी पोलिसाशीही वाद घालते. मी सांगितला तो भाव तिने जसाच्या तसा मानला.

मग तिने पदराखालच्या पिशवीतून मूठभर काकडं काढली. काकड हे आंबट, हिरवं, बोराएवढं रानफळ. शेवळाच्या भाजीत ते घालावंच लागतं, नाहीतर घशाला खाज सुटते. आमच्यात काकडं विकत नाहीत. शेवळं घेईल त्याला ती द्यायचीच. गिऱ्हाईक कितीही खडूस असो, आपल्या हातचं खाऊन कुणाचा घसा खाजता कामा नये. आईने ती माझ्या ओंजळीत ओतली. मूठभर आणि वर आणखी मूठभर.

"काकडं घाला भाजीत, ताई. नायतर घसा खाजंल."

चालताना प्राची म्हणाली, "किती गोड होती ना ती बाई! आणि तू काय पाडलास गं भाव!"

मी हसले. तिने मला लस्सी पाजली. मी प्यायले.

शनिवारी वाडीवर गेले. आईने काही विचारलं नाही. शेवळंच केली होती. ताट पुढे सरकवून ती चुलीकडे तोंड करून बसली. मी म्हटलं, "आये." ती म्हणाली, "जेव." मग चुलीत लाकूड सारून म्हणाली, "भाव करायला चांगली शिकलीस." बस. ती ओरडली असती तर मीही ओरडले असते. आम्ही दोघी तशाच. पण तिने शिवी दिली नाही, भाजी वाढली.

पुढच्याच आठवड्यात हा महोत्सव आला. सरांनी वर्गात यादी वाचली. "आदिवासी विद्यार्थ्यांनी पारंपरिक वेशात यायचं." तिसरं नाव माझं.

प्राची वळली. "तू?" मग माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "वाटत नाहीस गं अजिबात."

आणि मला बरं वाटलं. क्षणभर का होईना, बरं वाटलं. आईशी भाव केल्याची लाज वाटतेच, पण या बरं वाटण्याची लाज जास्त वाटते. ती कुणी बघितली नाही, म्हणून ती एकटीलाच बाळगावी लागते.

सरांनी शेणव्याच्या एका ओळखीच्या माणसाकरवी वाडीतल्या पाच बायकांना भाजी घेऊन बोलावलं होतं. त्यांत आई होती. मी भाड्याच्या लुगड्यात दारात उभी. आई टोपली घेऊन आली, मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "कुठं बसायचं, ताई?"

अजूनही ताई. तिला वाटत होतं, मला तेच हवंय.

मी बोटाने जागा दाखवली.

त्यानंतर तो फोटो. नखातली माती. मग मॅडमनी मला बाजूला घेतलं. त्यांच्या गटाला दर आठवड्याला शेवळं, भारंगी, कुर्डू हवी होती. वाडीतून मी गोळा करायची, पाकिटं भरायची, पाठवायची. "तू हुशार आहेस, आपल्यासारखं बोलतेस. तुझ्या फीचा प्रश्न सुटेल." पाकिटावर तोच फोटो येणार होता. खरं सांगते, मी मनात हिशेब सुरू केला. मी अशीच आहे. धंदा दिसला की माझं डोकं आधी धावतं.

आम्ही आईच्या टोपलीपाशी आलो. मॅडमनी काकडं बघितली.

"ही फळं नकोत हं. लोक फेकून देतात. पाकीट स्वच्छ दिसलं पाहिजे."

आई म्हणाली, "काकडं काढून मी शेवळं देनार नाय."

"अहो, पण आम्हाला नकोत ना."

"तुमाला नको, तुमच्या घशाला लागतील. मानसांच्या घशाला खाज आनायचा धंदा आमचा नाय."

मॅडम हसल्या. रागाने नाही, लहान मुलाला हसतात तशा. मग माझ्या दंडाला हात लावून हळूच म्हणाल्या, "तू समजाव या बाईंना. आणि भावही तूच ठरव. तुझं ऐकतील, तुझ्याच लोकांतल्या आहेत."

भाव तूच ठरव. प्राचीही हेच म्हणाली होती, लस्सी पाजायच्या आधी.

आई माझ्याकडे बघत नव्हती. तिने टोपलीवरचं फडकं घट्ट धरलं होतं. मी काय भाव सांगते याची ती वाट बघत होती. आणि मी जो सांगेन तो ती मानणार होती. मागच्यासारखाच. ते माझ्या लक्षात आलं.

"ही माझी आई आहे," मी म्हटलं. आवाज मोठा निघाला. सर वळले, प्राची वळली. "काकडं निघणार नाहीत. भाव ती सांगेल तो. आणि तो फोटो पुसून टाका."

"अगं, पण त्यात वाईट काय आहे? सन्मानच आहे तो."

"मग तोंड का नको होतं?"

सर पुढे आले, "पाहुण्यांशी असं बोलतात का?" म्हणाले. मी टेबलावरची माझी पिशवी उचलली, बाथरूममध्ये जाऊन ते लुगडं उतरवलं, माझा सलवार-कमीज घातला आणि लुगडं घडी न करता सरांच्या खुर्चीवर टाकलं. प्राचीकडे गेले. "त्या गुरुवारी तू घेतलीस ती शेवळं हिचीच," म्हटलं. "ती शिकणारी पोर मी." प्राची रडायला लागली. मला तिची समजूत घालायला वेळ नव्हता.

तुम्हाला वाटेल, आईने मला जवळ घेतलं असेल. नाही घेतलं. तिने टोपली डोक्यावर घेतली. शेणव्याच्या जीपमध्ये आम्ही शेजारी बसलो. अर्ध्या वाटेत ती बोलली.

"आज बोललीस. त्या दिशी तुला तोंड नव्हतं?"

"होतं," मी म्हटलं.

"मंग?"

मी उत्तर दिलं नाही. अजून दिलेलं नाही.

फोटो त्यांनी पुसला नाही. पुढच्या वर्षी मुरबाडला एका प्रदर्शनात मला कापडी पिशवी दिसली. तिच्यावर शेवळाची जुडी आणि एक काळा हात. नखात माती. खाली लिहिलेलं, 'रानातल्या हातांनी'. माझा हात मी ओळखला. करंगळीजवळ कोयत्याचा वण आहे. शेजारी उभी असलेली बाई म्हणाली, "किती अस्सल आहे ना?" मी म्हटलं, "माती खोटी आहे. मीच भरली होती." तिला कळलं नाही.

आता मी पदवीधर आहे. वाडीतल्या बायकांची भाजी मीच ठाण्याला सोसायट्यांत नेते. तिथे लोक विचारतात, "आदिवासी बायका नाही आल्या?" मी सांगते, "आलेय ना. समोर उभी आहे." मग माझं नाव सांगते, वाडीचं सांगते, आईचं सांगते, आणि ते विचारोत न विचारोत, ठाकर आहे हे सांगते. काकडं मोजत नाही. फेकायची तर घरी नेऊन फेका, पण पाकिटातून निघणार नाहीत. माझ्या तोंडासकट फोटो काढायचा तर काढा. नुसता हात हवा असेल तर तुमचा स्वतःचा काढा.

रविवारी आणि गुरुवारी मात्र मी शहापूरला असते. आईच्या बाजूला, त्याच जागी. कॉलेजच्या पोरी येतात. कुणी आईपुढे उकिडवी बसून जुडी खाली टाकली की मी ती उचलते आणि पुन्हा टोपलीत ठेवते.

"भाव माझ्याशी करायचा," मी सांगते. "तिच्याशी नाही. तिच्याशी एकदा झालाय."