प्रेक्षकांकडे पाठ

माझी ताई शाळेत पीटीची शिक्षिका होती. तिला चांगलं नाव आहे, पण ते मस्टरवर सही करण्यापुरतं. पोरं तिला शिट्टीबाई म्हणायची. गळ्यात काळी दोरी, दोरीला शिट्टी, पायात खडूने पांढरे केलेले कॅनव्हासचे बूट आणि पाठ अशी ताठ, जणू आत फूटपट्टी घातलीय. घरी जेवायलासुद्धा ती तशीच बसते. आमची आई म्हणायची, ही पोरगी झोपेतही सावधानमध्ये असते.

ती निवृत्त झाली तेव्हा शाळेने तिला आरामखुर्ची भेट दिली. मला भयंकर राग आला. जी बाई उभा जन्म मैदानात उभी राहिली, तिला खुर्ची? म्हणजे बसा आता, आणि कृपा करून उठू नका! ताई मात्र छान हसली, आभाराचं भाषण केलं, खुर्ची रिक्षात घालून घरी आणली, गॅलरीत ठेवली आणि तिच्यावर ओले टॉवेल वाळत घातले. आजही ते तिथेच वाळतात.

ताई आणि तिचा मुलगा आमच्याच इमारतीत राहतात, ते वरच्या मजल्यावर, मी खालच्या. भावोजी जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा कॉलेजात हिशेबशास्त्र शिकवतो. स्वभावाने गरीब, पण लोक काय म्हणतील या एका वाक्याला जन्मभर घाबरलेला. आईच्या शिट्टीला जेवढा घाबरला नाही, तेवढा.

एकदा तो डबा विसरून गेला. ताई डबा घेऊन त्याच्या कॉलेजात गेली आणि संध्याकाळपर्यंत परतलीच नाही. मी काळजीने जिन्यात येरझाऱ्या घालतेय तोच बाईसाहेब वर आल्या, गाल लाल, आणि म्हणाल्या, "नाव घातलं."

"कशात?"

"हिप-हॉपच्या वर्गात. संध्याकाळचा असतो. बाहेरच्यांनाही घेतात."

मला आधी वाटलं, ऊन लागलं. मग तिने सगळं सांगितलं. कॉलेजच्या तळघरात एक हॉल आहे, एका भिंतीला आरसा, दाराला काच. त्या काचेतून तिने पोरापोरींना नाचताना पाहिलं आणि डबा हातात धरून ती तिथेच उभी राहिली. मग तरातरा ऑफिसच्या खिडकीशी गेली. खिडकीतला क्लार्क तिच्या केसांकडे बघून म्हणाला, "आजी, ज्येष्ठांचा श्वासाच्या व्यायामाचा वर्ग पलीकडच्या इमारतीत आहे."

"मला श्वास घेता येतो," ताई म्हणाली. "जन्मल्यापासून घेतेय. जे येत नाही ते शिकायला आलेय."

डबा तसाच परत आला होता. मुलाने त्या दिवशी कॅन्टीनमध्ये काहीतरी खाल्लं असेल.

पहिल्या दिवशी तिने मला सोबत नेलं. मी भिंतीशी बाकावर, पोरांच्या पिशव्यांच्या ढिगाशेजारी बसले. वर्गात सगळी कॉलेजची मुलं, ढगळ विजारी, ढगळ सदरे. त्यांच्यात आमची ताई, इस्त्रीच्या ट्रॅकसूटमध्ये. शिकवणारी मुलगी तिशीचीही नसेल, मानेवरचे केस पार भादरलेले, आवाज खणखणीत. तिला सगळे कोच म्हणत. कोचने आधी फक्त बाउन्स शिकवला. म्हणजे काही नाही, ठेक्यावर गुडघे सैल सोडायचे, वजन जमिनीत जाऊ द्यायचं. बाकीच्यांना ते दोन मिनिटांत आलं. ताई प्रत्येक ठेक्याला खाली जाऊन खाडकन सरळ होत होती. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं.

"आई, सोडा अंग," कोच म्हणाली.

"सोडलंय."

"नाही हो, पाठ अजून धरलीत तुम्ही."

"ती मी धरलेली नाही. ती तशीच येते."

पोरं हसली. ताईही हसली. तिथवर सगळं ठीक होतं.

खरी पंचाईत पावलं सुरू झाल्यावर झाली. कोच आमच्याकडे पाठ करून आरशासमोर उभी राहिली आणि ओरडली, "उजवीकडे!" सगळा वर्ग उजवीकडे गेला आणि ताई डावीकडे. शेजारची चष्मेवाली मुलगी तिच्यावर आदळली, चष्मा उडाला. "डावीकडे!" ताई उजवीकडे. पुन्हा धडक. कोचने गाणं थांबवलं, चष्मा सापडला, परत पहिल्यापासून. परत तेच. एक मुलगा मागून म्हणाला, "आजींचा जीपीएस बिघडलाय." मी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की त्याने तासभर तोंड उघडलं नाही.

ताईला उजवं-डावं कळत नाही असं कुणाला वाटेल. तसं नव्हतं. पीटीच्या बाई मुलांकडे तोंड करून उभ्या असतात. "उजवा हात वर!" म्हणायचं आणि स्वतः डावा वर करायचा, म्हणजे समोरच्या मुलाला तो आरशासारखा दिसतो आणि लहान पोरंही चुकत नाहीत. ताईने हे इतकी वर्षं केलं की तोंडाने "उजवा" म्हटलं की अंग आपोआप डावीकडे जातं. ती चूक दुसऱ्या कुणाच्या हातून झालीच नसती. ती करायला एक अख्खी नोकरी जावी लागते.

घरी तिने सराव मांडला. मला कोचसारखं स्वतःकडे पाठ करून पुढे उभं केलं. मी गुडघेदुखीची बाई, स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून "उजवा, डावा" करतेय आणि मागे ही उलटी. समोरच्या बिऱ्हाडातल्या बाई साखर मागायला आल्या, दारात थबकल्या आणि गोड हसून म्हणाल्या, "काय हो, नाचता येईना अंगण वाकडं?"

"अंगण सरळ आहे हो," ताई धापा टाकत म्हणाली. "मीच वाकडी जातेय. साखर त्या डब्यात आहे, घ्या आणि बाजूला व्हा."

हळूहळू तिची पाठ थोडी सुटली. बाउन्स यायला लागला. चष्मेवालीशी तिची चांगली गट्टी जमली. ती पोरगी धडकेच्या आधीच चष्मा काढून खिशात ठेवायची. चुका कमी झाल्या, पण गेल्या नाहीत. पाचापैकी एकदा अंग जुन्या वळणावर जायचंच.

सत्र संपताना प्रत्येक वर्गाने कॉलेजच्या मोठ्या सभागृहात आपलं काम दाखवायचं असतं. ताईच्या मुलाला ते कळलं तेव्हा मी वर त्यांच्याकडेच भाजी निवडत बसले होते.

"आई, तू स्टेजवर जाऊ नकोस."

"का?"

"समोर माझे विद्यार्थी असतील. पहिल्या रांगेत सगळा स्टाफ. उद्या मी वर्गात गेलो की काय होईल, तुला कल्पना आहे?"

"काय होईल?"

"हसतील."

"तुला की मला?"

तो हळू आवाजात म्हणाला, "निदान मागच्या रांगेत उभी राहा. अगदी मागे. आणि माझी आई आहेस हे कुणाला सांगू नकोस."

माझ्या हातातली जुडी तशीच राहिली. मी तोंड उघडणार एवढ्यात ताईने हात वर केला. उजवा म्हणून उजवाच. "मी कुणाला सांगणार नाही," ती म्हणाली. "पण मागे उभी राहणार नाही. तुला लाज वाटत असेल तर तू मागे बस."

मुलगा न जेवता खोलीत गेला. मी म्हटलं, "कानफटात द्यायची होतीस." ताई म्हणाली, "त्याने काय होतं? पोरं गप्प बसतात, बदलत नाहीत. मला अनुभव आहे." पण तीही नीट जेवली नाही. मला दिसत होतं ना.

दुसऱ्या दिवशी मीही तालमीला गेले होते. तिथे कोचच्या डोक्यात कल्पना आली. डोळे चमकवत ती म्हणाली, "आई, आपण असं करू. तुम्ही सगळ्यांच्या समोर मधोमध उभ्या राहा, आमच्याकडे तोंड करून. आरशासारख्या. मग तुमचं डावं म्हणजे आमचं उजवं! एकही चूक दिसणार नाही, उलट सगळे म्हणतील काय बसवलंय!"

वर्गाने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, मला खरंच ती युक्ती भारी वाटली. सगळ्यांच्या पुढे, मधोमध, आणखी काय हवं? ताई एकटी टाळ्या वाजवत नव्हती.

"म्हणजे माझी पाठ लोकांकडे," ती म्हणाली.

"हो, पण मध्यभागी..."

"कोच, ऐका. शाळेच्या प्रत्येक गॅदरिंगला नाच मी बसवला. आणि प्रत्येक वेळी मी स्टेजच्या खाली, पडद्याच्या कडेला उकिडवी बसायचे, मुलांकडे तोंड करून, हात करून दाखवत, म्हणजे ती विसरणार नाहीत. टाळ्या मी सगळ्या पाठीवर ऐकल्यात. एकदाही वळून बघितलं नाही, कारण वळले की पोरं चुकायची." तिचा आवाज जरा चिरकला, मग सरळ झाला. "मला माझी चूक सजवून नकोय. मला सगळ्यांसारखं पुढे बघून नाचायचंय. चुकले तर चुकले."

मला माझ्या टाळ्यांची लाज वाटली. मी तिची सख्खी बहीण, तिच्या शाळेच्या कितीतरी गॅदरिंगांना गेलेली. ती कुठे बसायची हे माझ्या कधी डोक्यातही आलं नव्हतं. कोच म्हणाली, "दुसरी रांग, डावीकडून दुसऱ्या तुम्ही. पहिल्यापासून घेऊ." आणि तिने गाणं लावलं.

कार्यक्रमाच्या दिवशी मुलगा आला. मला वाटलं नव्हतं. स्टाफच्या रांगेत त्याची जागा होती, पण तो माझ्या शेजारी येऊन बसला, पार मागे, खांबाआड. मी त्याच्याशी बोलले नाही. बोलले असते तर भांडले असते.

पडदा वर गेला. दिवे एवढे प्रखर की ताईचे केस चांदीसारखे चमकले, आणि पुढच्या रांगांत खसखस पिकली. गाणं सुरू झालं. ताईचे गुडघे सुटले, खांदे पडले, आणि ठेका तिच्या अंगात नीट बसला. खसखस थांबली. पहिला भाग बिनचूक गेला. अवघड गिरकी बिनचूक गेली. मी श्वास सोडला, आणि नेमकं सगळ्यात सोप्या ठिकाणी, सगळे उजवीकडे जाताना, ती डावीकडे गेली. धाडकन चष्मेवालीवर आदळली. अख्खं सभागृह हसलं. कुणीतरी शिट्टी मारली.

शाळेची तालीम असती तर तिने नाच थांबवला असता. मी तिचा चेहरा पाहत होते. ती थांबली नाही. हसणाऱ्या लोकांकडे तिने सरळ बघितलं, मैदानात दंगा झाल्यावर बघायची तसंच, आणि ठेका न सोडता पुढचं पाऊल टाकलं. बरोबर दिशेला. हसू जिथल्या तिथे विरलं.

नाचाच्या शेवटी एक पोझ होती: शेवटच्या ठोक्याला सगळ्यांनी गर्रकन वळायचं, हात बांधायचे आणि प्रेक्षकांकडे पाठ करून थिजून उभं राहायचं. तालमीत ताई त्या जागी कधीच चुकली नव्हती. त्यात डावं-उजवं नव्हतंच, नुसतं मागे वळायचं होतं.

ठोका पडला. सगळे वळले. ताई वळली नाही.

पाठींच्या त्या रांगांमध्ये ती एकटी आमच्याकडे तोंड करून उभी राहिली, हात बांधून, हनुवटी वर, धापा टाकत. दिवे तसेच होते. आणि मग टाळ्या सुटल्या.

आमच्या पुढच्या रांगेतले एक प्राध्यापक मागे वळून मुलाला म्हणाले, "शेवटी आजी चुकल्याच हो!"

"चुकली नाही," मुलगा म्हणाला. "मी लहानपणी तिच्याच शाळेच्या स्टेजवर तिच्या हातांकडे बघून नाचलोय. ती चुकल्यावर कशी दिसते ते मला माहीत आहे. माझी आई आहे ती." आणि तो उभा राहून, खांबाच्या बाहेर येऊन, टाळ्या वाजवू लागला.

बाहेर पॅसेजमध्ये ताई नळाला तोंड लावून पाणी पीत होती. ट्रॅकसूटची इस्त्री पार मोडली होती. कोच तिच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी होती, रागवावं की मिठी मारावी हे तिचं ठरत नव्हतं.

"आई, वळायचं होतं ना शेवटी?"

ताईने बाहीने तोंड पुसलं. "माहीत होतं," ती म्हणाली. "माझी पाठ लोकांनी पुष्कळ बघितली. आता तोंड बघू देत."