काडीपेटीतले दाणे

पिल्लाच्या डाव्या कानावर लाल पुळी दिसली तेव्हा ती मुगाएवढी होती. आठवड्याभरात हरभऱ्याएवढी झाली, वरचे केस गळून चकाकायला लागली आणि बाबांच्या नजरेस पडली.

हे कुत्र्याचं पिल्लू मी सौंदड स्टेशनजवळच्या चहाटपरीखालून उचलून आणलं होतं, बाबांना न विचारता. मी शाळेत शिकवते, त्यामुळे विचारण्यापेक्षा सांगण्याची सवय जास्त.

"लंपी हाय हे," बाबा म्हणाले. "माही गाय गाभण हाय. उद्या सकाळी याले होतं तिथं नेऊन सोड."

लंपीचं नाव आमच्या घरात कुणी सहज घेत नाही. गुरांच्या त्या साथीत आमचा गोऱ्हा गेला. त्याच्या अंगावर गाठी उठल्या तेव्हा बाबा चार दिवस हळद-तेल लावत बसले, आणि डॉक्टर आले तेव्हा त्याला उठताही येत नव्हतं. हे सगळं ठाऊक असून मी भडकले.

"कुत्र्याले कायले होईल लंपी? काहीबी बोलून राहिले तुमी."

म्हणाले खरी, पण खात्री मलाही नव्हती.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकली आणि पिल्लाला पिशवीत घालून गुरांच्या दवाखान्यात गेले. पुढे दोन बैल आणि एक शेळी. शेळीवाल्या म्हाताऱ्याने पिशवीत डोकावून विचारलं, "बाई, हे दूध किती देते?" एरवी मीही हसले असते. त्या दिवशी थट्टा सोसवत नव्हती.

डॉक्टरांनी गाठ अलगद हलवून पाहिली, बारीक सुई टोचून नमुना काचेवर घेतला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. लंपी कुत्र्याला होत नाही, म्हणाले. ही लहान वयातल्या कुत्र्यांना येणारी गाठ, बहुतेक वेळा दोन-तीन महिन्यांत आपोआप जिरते. पिळायची नाही, चुना-बिब्बा लावायचा नाही. मात्र ती वाढतच राहिली, चिघळली, दुसरी उठली किंवा पिल्लाने खाणं सोडलं, तर वाट न बघता आणायचं.

घरी येऊन मी हे सगळं बाबांना वर्गात सांगावं तसं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "राहू दे मंग. पण गोठ्यात नाई जाईल ते." पिल्लू ओसरीवर बांधलं गेलं. मी तीन दिवस पट्टीने गाठ मोजली. मग पट्टी पिल्लाने चावली, माझ्यामागे परीक्षा लागल्या आणि खरं सांगायचं तर मी विसरले.

दीडेक महिन्याने गोठ्यात धूर करायचा होता. फळीवरची काडीपेटी उघडली तर आत काड्या नव्हत्या. हरभऱ्याचा एक दाणा, तुरीचा एक, मुगाचा एक. आधी काही कळेना. मग आठवलं, रोज सकाळी शेण काढून झाल्यावर बाबा पिल्लाजवळ बसलेले दिसायचे. मला वाटायचं, गुडघे दुखत असतील.

"हे काऊन ठेवलं?" मी विचारलं.

बाबा गाईपुढे तणीस टाकत होते. मान वर न करता म्हणाले, "गोऱ्ह्याच्या वेळेस आज नाई उद्या करत राहिलो. याची गाठ मागच्या दान्याहून मोठी झाली असती, तं त्याच दिवशी नेलं असतं म्या."

मला पट्टीची आठवण येऊन लाज वाटली.

पुढच्या पंधरवड्यात गाय व्याली. कालवड झाली. तोवर पिल्लाचा कान साफ झाला होता, बोट फिरवून शोधूनही गाठ लागेना. बाबांनी काडीपेटीतले दाणे कोंबड्यांपुढे टाकले आणि स्वतःच्या हाताने पिल्लाची दोरी सोडली. ते तडक गोठ्यात शिरलं. कालवड त्याचा तोच कान चाटायला लागली.

मी बाबांकडे पाहिलं.

"मंग?" ते म्हणाले. "डाक्टरनं सांगतलं नवतं का, याले लंपी नाई म्हणून?"