शुभेच्छुकांमध्ये माझा फोटो

इंग्रजीने मला पहिला धक्का दिला तो 'पास आउट' या दोन शब्दांनी. सातपूरच्या ज्या कारखान्यात मी मशीन सेटर आहे, तिथे दर वर्षी आयटीआय पासआउट पोरं घेतात. गेटवर तसा बोर्डच लागतो. मीही एके काळचा पासआउटच. आणि एका दुपारी बायको लसूण सोलता सोलता मला म्हणाली, "अहो, पास आउट म्हणजे बेशुद्ध पडणे." म्हटलं, कोण म्हणतं? तर म्हणे सगळं जग म्हणतं, फक्त आपण सोडून. मग मी विचारलं, माणूस मेला तर काय म्हणतात? "पास अवे." म्हणजे शब्द तोच, नुसतं शेपूट बदललं की माणूस गेला. माझं डोकंच फिरलं. उद्या एखाद्या नर्सची जीभ घसरली तर बाहेर घरचे तिरडीची तयारी करतील आणि आत पेशंट चहा मागत बसलेला असेल.

बायको नर्स आहे. मुंबई नाक्याजवळच्या एका खासगी हॉस्पिटलात ड्युटी, आणि त्या वर्षी ड्युटी सांभाळून ती कॉलेज रोडला इंग्रजीच्या क्लासला जायला लागली होती. कशाला, हे मी विचारलं नाही, कारण मला वाटत होतं की मला माहीत आहे. हॉस्पिटलात इन्चार्ज सिस्टरची जागा रिकामी होणार होती. इन्चार्ज झालं की मोठ्या डॉक्टरांपुढे इंग्रजी फाडावं लागतं, म्हणून शिकत असेल, असं मी आपलं ठरवून टाकलं. तिने त्याला हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

क्लासच्या मॅडमनी तिला सांगितलं होतं, पुस्तकातले जड शब्द विसरा. तिकडचा पेशंट व्हॉमिटिंग होतंय असं म्हणत नाही, थ्रो अप केलं म्हणतो. गुंगी उतरली की वेअर ऑफ, शुद्धीवर आला की कम राउंड. तिकडचा म्हणजे नेमका कुठला, हे विचारायला मला सुचलं नाही. मी त्या शेपटांवरच चिडलो होतो. पुट म्हणजे ठेवणे, हे शाळेत छडी खाऊन पाठ केलेलं. आता पुट ऑफ म्हणजे पुढे ढकलणे, पुट आउट म्हणजे विझवणे, पुट अप विथ म्हणजे सहन करणे. ठेवण्याचा इथे काय संबंध? मी म्हटलं, ही भाषा आहे की चेष्टा?

ती हसली. "भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, दिवा लागतो, लग्न लागतं, वेड लागतं. यात लागणं कुठलं ते सांगा बरं." मी भाकरी हातात धरून विचार करत बसलो. चाळिशी आली, जन्मभर मराठी बोललो आणि आपल्या घरातच असला गोंधळ आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. कारखान्यात तर मी रोज ब्रेकडाऊन, शटडाऊन, सेटअप म्हणत आलो होतो, तेही त्याच जातीचे निघाले. त्या दिवशी मी तिला म्हटलं, चल, तुझी उजळणी मी घेतो.

आमच्या ड्युट्यांचं गणित जमायचं नाही. ती येईपर्यंत मी निघालेलो असायचो. एकत्र असा वेळ मिळायचा तो मोटरसायकलवर, माझी दुसरी पाळी असली आणि तिची ड्युटी दुपारची असली की. ती मागे बसून माझ्या हेल्मेटजवळ तोंड आणून शब्द टाकायची आणि मी गाडी चालवता चालवता अर्थ ओरडायचो. एकदा सिग्नलला गाडी थांबली, इंजिन बंद केलं, पण माझा आवाज काही बंद झाला नाही. "पुट अप विथ, सहन करणे," असं मी भर चौकात ओरडलो. शेजारचा रिक्षावाला तिच्याकडे बघून म्हणाला, "करा ताई, दुसरं काय करणार." ती हॉस्पिटलपर्यंत हसत होती. मलाही बरं वाटलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आम्ही इतकं बोललो होतो ते त्याच दिवसांत.

मग तो फ्लेक्स लागला.

पहिली पाळी करून मी कंपनीच्या बसमधून आमच्या चौकात उतरलो. बुद्ध विहाराच्या कोपऱ्यावर फ्लेक्स असतोच, कुणाचा वाढदिवस, कुणाची निवड. मी तसा वर बघतही नाही. पण त्या दिवशी मला माझीच बायको दिसली. पांढऱ्या युनिफॉर्ममध्ये, माणसाच्या दुप्पट उंचीची, मागे विमान आणि लंडनचं ते घड्याळ. 'आपल्या वसाहतीची सून थेट इंग्लंडला. परिचारिका पदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' मी ते वाचलं आणि मला वाटलं, फोटो चुकलाय. प्रिंटिंगवाल्याने कुणाचा तरी मजकूर हिच्या खाली टाकलाय. मग खाली शुभेच्छुकांची रांग बघितली. मंडळाची पोरं, एक भावी नगरसेवक, आणि शेवटी मी. मामेभावाच्या हळदीतला, गॉगल लावलेला माझा फोटो. खाली लिहिलं होतं, पती.

बायको देश सोडून जाणार हे मला कळायच्या आधी मी तिला चौकात शुभेच्छा देऊन बसलो होतो. चहाच्या टपरीवरून हाक आली, "काय राव, पार्टी कधी?" चेहऱ्यावर काहीतरी आणायला हवं होतं. मी हसलो आणि "बघू" म्हणालो. ते हसू कसं आणलं, मला आजही सांगता येणार नाही.

घरी आई मेथी निवडत बसली होती. माझा चेहरा बघताच तिने जुडी खाली ठेवली. तिला माहीत होतं. रविवारी वंदना झाल्यावर तिनेच आनंदाच्या भरात विहारात सांगितलं, आणि पोरांना फ्लेक्स लावायला कारणच लागतं. नवऱ्याला ठाऊक नसेल अशी शंका कुणाला का यावी? "तुला ती सांगणारच होती," आई म्हणाली. "तुझ्या रागाला भिऊन राहिली."

बायको ड्युटीवरून आली तेव्हा मी काय काय बोललो, ते इथे लिहिण्यासारखं नाही. वॉर्डात पेशंटचा नातेवाईक ओरडायला लागला की थांबतात, तशी ती थांबली. माझा दम संपल्यावर तिने सगळं सांगितलं. निवड व्हिडिओवर मुलाखत घेऊन झाली होती. करार तीन वर्षांचा. आमचा शाळकरी मुलगा इथेच, माझ्याजवळ आणि आईजवळ राहणार. मागच्या आठवड्यात ती ट्रेनिंग म्हणून पुण्याला गेली होती, ती इंग्रजीची परीक्षा होती. ती पास झाली तरच ही निवड पक्की.

"मला विचारावंसं नाही वाटलं?"

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात," ती म्हणाली. "आणि तुम्ही नाही म्हटलं असतं, तर मी थांबले असते. म्हणून नाही विचारलं."

थोबाडीत मारली असती तर बरं, असं झालं. पुढचे काही दिवस मोटरसायकलवर ती मागे गप्प आणि मी पुढे गप्प. सिग्नलला इंजिन बंद केलं की ती शांतता ऐकू यायची.

निकाल आला तेव्हा मी जेवत होतो. तिने मोबाइल माझ्यापुढे धरला. वाचणं पास, लिहिणं पास, ऐकणं पास. बोलण्यात नापास.

मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू, तोंडातला घास गोड लागला. आणि पुढच्याच क्षणी माझी मलाच शिसारी आली. लिटरभर दूध नासलं तरी आपण हळहळतो, आणि इथे माझ्या बायकोची मेहनत वाया गेली होती नि मी मनात सुटलो म्हणत होतो. असलं काही आपल्या आत असतं, हे मला त्या ताटावर कळलं. ती तोंड धुऊन आली, केस बांधले आणि ड्युटीला निघून गेली. चौकातला फ्लेक्स तसाच होता. येणारा जाणारा पार्टीचं विचारत होता.

पुढच्या महिन्यात तिला बोलण्याच्या परीक्षेला आणखी एकदा बसता येणार होतं. तेही हुकलं असतं तर जागा दुसऱ्या कुणाला जाणार होती. त्या परीक्षेत समोरचा माणूस पेशंट होतो, त्याच्या हातात कार्ड असतं, आणि नर्सने त्याच्याशी बोलायचं असतं. म्हणजे सराव करायचा तर घरी कुणीतरी पेशंट व्हायला हवा. तिने मला सांगितलं नाही. तिने आईला कॉटवर झोपवलं. ती इंग्रजीत कळवळून विचारायची, कसं वाटतंय, कुठे दुखतंय. आणि आई प्रत्येक प्रश्नाला मराठीत एकच उत्तर द्यायची, "बरं वाटतंय गं आता."

मी बाहेरच्या खोलीत बसून ऐकायचो. माझ्या लक्षात आलं होतं की मला काहीही करायची गरज नाही. नुसता बसून राहिलो तरी ती जाणार नाही. ओरडायला नको, नाही म्हणायला नको. जगाच्या दृष्टीने मी शुभेच्छुकच राहणार होतो.

एका रविवारी आईने पुन्हा "बरं वाटतंय" म्हटलं आणि बायको मधेच थांबली. पुढचं वाक्य तिला सुचेना. तिने पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडली. मला ते ऐकवेना. आत गेलो आणि म्हटलं, "आई, तू ऊठ. मी पडतो."

आई उठून खुर्चीवर बसली. बायकोने माझ्याकडे बघितलं आणि कार्ड हातात दिलं. पेशंटचं ऑपरेशन झालंय, त्याला आजच घरी जायचंय, तो चिडलेला आहे. चिडायला मला शिकवावं लागत नाही. मी माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत तिच्यावर भडकलो. ती शांतपणे उत्तरं देत गेली, एकदाही अडली नाही. कार्डावरचं सगळं संपलं. मी तसाच पडून राहिलो, आणि कार्डावर नसलेलं वाक्य तोंडातून निघून गेलं.

"हू विल लुक आफ्टर अस?"

आम्हाला कोण सांभाळणार, असं मी विचारलं होतं. मराठीत ते माझ्या तोंडून कधीच आलं नसतं. तिला कळलं की हा पेशंट नाही. हातातला पेन तिने कॉटवर ठेवला. मग ती परीक्षेत बोलतात तसं सावकाश, एकेक शब्द स्वच्छ बोलली.

"यू विल. दॅट इज व्हाय आय कॅन गो."

सांभाळाल तुम्ही, म्हणून तर मी जाऊ शकते. माझा राग, माझा आरडाओरडा, हे सगळं माहीत असलेली बाई माझ्या भरवशावर सातासमुद्रापार निघाली होती, आणि मला वाटत होतं की ती मला टाकून चालली आहे.

आईला आमच्यातलं एक अक्षर कळलं नव्हतं. तिने खुर्चीतून विचारलं, "काय म्हणाली रे ती?"

"जाते म्हणाली," मी सांगितलं.

"जाते म्हणू नये बाई," आई तिला म्हणाली. "येते म्हणावं."

बायकोने माझ्याकडे बघितलं.

"येते," ती म्हणाली.