दोन थेंब जमिनीवर

ती घटना मला अजून आठवते, पण पहाटेचं स्वप्न आठवावं तशी. चेहरे धूसर झालेत, हात मात्र स्वच्छ दिसतात. नोकरीत असताना एखादा साक्षीदार असं बोलू लागला की मी पेन खाली ठेवायचो.

पुण्याहून इंजिनिअर म्हणून आलेला जावई ऑकलंडच्या पोलिसांत का शिरला, हे माझ्या सासरेबुवांना शेवटपर्यंत उमगलं नाही. पण शिरलो, आणि शहराच्या पश्चिमेकडच्या ठाण्यात तपास अधिकारी म्हणून बरीच वर्षं काढली. एका सकाळी, बाहेर पाऊस की धुकं हे हवेलाच ठरवता येत नव्हतं, तेव्हा हेन्डरसनमधल्या औषधाच्या दुकानातून फोन आला. फार्मासिस्ट आमच्या मराठी मंडळातलीच, नाशिकची.

“दादा, जरा येता का? माझ्या रेग्युलर कस्टमर आहेत एक. लाइनमध्ये पुढचा माणूस वळला आणि ह्या खालीच बसल्या. म्हणतात, ह्यानेच माझ्या नवऱ्याला नेलं. तो गेला औषध घेऊन. ॲड्रेस आहे, पण मी असा देऊ शकत नाही ना?”

“देऊ नकोस. रीतसर मागतो. बाईंना बसवून ठेव.”

बाईंचा जबाब मी ठाण्यात घेतला. त्यांच्या देशात यादवी युद्ध झालेलं. त्यांचा समाज तिथे सगळ्यांत खालचा मानलेला, लढणाऱ्या दोन्ही बाजूंना नकोसा. पाणी पिण्याआधी बोट बुडवून दोन थेंब जमिनीला द्यायचे, ही त्यांची रीत. आपल्याकडे जेवणाआधी चित्राहुती घालतात, तसंच काहीसं.

“तीन दिवस चालत होतो,” बाई म्हणाल्या. “नाक्यावर बंदूकवाले पाणी वाटत होते. आम्हाला वाटलं, भले लोक आहेत. जो थेंब शिंपडेल त्याला हा दोन बोटांनी डावीकडे जायला सांगायचा. बोलायचा नाही, नुसती बोटं. डावीकडे गेलेलं कुणी परत आलं नाही. तहानेने मी शिंपडायलाच विसरले. माझा नवरा विसरला नाही.”

आता काय हवंय, असं मी विचारलं.

“शिक्षेचं तुम्ही बघा. माझा नवरा कुठे आहे, ती जागा मला कळू दे.”

तो माणूस न्यू लिनला राहत होता. शेजारीपाजारी त्याच्यावर खूश, कारण गल्लीतल्या सगळ्यांच्या सायकली तो दुरुस्त करून द्यायचा. वकिलाला घेऊन स्वतःहून ठाण्यात आला. मी हक्क समजावले, व्हिडिओ सुरू केला. त्याने कानांवर हात ठेवले. आपण राजधानीत शिक्षक होतो, तो रस्ता कधी पाहिला नाही, त्या लोकांच्या चालीरीती ठाऊक नाहीत. दोन तास हेच.

दुभाषी म्हणून त्याच देशातले एक वयस्क गृहस्थ बसले होते. ते कोणत्या समाजाचे, हे मी विचारलं नव्हतं. नियमाने विचारायला हवं होतं. पण नाक्यावर विचारायचा प्रश्न ठाण्यात विचारायला माझी जीभ रेटेना. आपल्याकडे नुसतं आडनाव विचारून लोक काय हुडकतात, ते मी लहानपणापासून पाहिलंय.

मी पाण्याचे पेले भरले. बोलून बोलून दुभाष्यांचा घसा सुकला होता. त्यांनी पेला उचलला, झोपेत असल्यासारखं बोट बुडवलं आणि आमच्या करड्या गालिच्यावर दोन थेंब टाकले.

समोरच्याचा उजवा हात टेबलावरून उठला. दोन बोटं डावीकडे वळली. किती वेळ गेला कोण जाणे. व्हिडिओत चार सेकंद आहेत, मला ते अख्ख्या दुपारएवढे वाटतात. मग त्याने स्वतःच्या हाताकडे पाहिलं. दुभाष्यांनी पेला तसाच खाली ठेवला.

वकील म्हणाले, “इथे थांबू या.” मी वेळ नोंदवून थांबलो.

बाहेर दुभाष्यांनी माझा हात धरला. “माफ करा साहेब. बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. आज कसं झालं, कळत नाही.”

“चूक माझी आहे,” मी म्हणालो. आणि होतीच. वरिष्ठांनी मला चांगलं फैलावर घेतलं, दुभाषी बदलला गेला. मला वाटलं, केस हातची गेली.

चौथ्या दिवशी वकिलांचाच फोन आला, अशिलाला बोलायचंय. तो आला आणि त्याने कागद मागितला. एक कालवा काढला, वीटभट्टी काढली, तिच्या मागे झाडांची रांग. रांगेच्या शेवटी फुली मारून कागद माझ्याकडे सरकवला. “रात्री डोळे मिटले की मी इथेच असतो,” म्हणाला. मला त्याची दया आली नाही, हे स्पष्ट सांगतो.

खटला वरच्यांकडे गेला आणि रेंगाळायचा तितका रेंगाळला. कित्येक महिन्यांनी त्यांच्या देशातून खात्री होऊन आली: जागा तीच, पुरलेली माणसं तीच. मी बाईंना बोलावलं आणि नकाशाची प्रत समोर ठेवली.

त्यांनी फुलीवर तळहात ठेवला. म्हणाल्या, “म्हणजे आता मी रडले तर चालेल. इतकी वर्षं भीती वाटायची. रडले तर तो गेला असं मीच ठरवल्यासारखं होईल.”

आणि त्या रडल्या, मोठ्याने, काउंटरपर्यंत ऐकू जाईल अशा. रडणाऱ्याला गप्प करायची आम्हा पोलिसांना फार घाई असते. गुन्हेगार पकडला की आपलं काम झालं, असंही मी तोवर समजत होतो. त्या दिवशी मी दार ओढून घेतलं, बाहेरच्या बाकावर बसलो आणि कुणालाही आत जाऊ दिलं नाही.