जिभेवर न बसणारं वाक्य

आमचे हे फौजेत. कोरियातली लढाई थांबली आणि तिथल्या कैद्यांवर पहारा ठेवायला आपली माणसं निघाली, तेव्हा ह्यांना थोडी सुट्टी मिळाली. हे वडनेरला घरी आले. हवालदारानं बजावून पाठवलं होतं की तिकडं गोळी चालवायची नाही, हातात दांडका तेवढा. कैदी आपसात डोकी फोडतात, पहारेकऱ्यालाही आत ओढतात. त्यांच्या भाषेतले चार शब्द ज्याला येतील तोच धड घरी येईल, म्हणून ते शब्द अर्थासकट कागदावर लिहूनही दिले होते.

आणि ह्यांची जीभ म्हणजे चिखलात रुतलेली बैलबंडी! मग मीच कंबर कसली.

'इरी वा' म्हणजे इकडे ये. ते म्हटल्याशिवाय मी भाकर वाढत नसे.

"भाकरीले बलावू का तुले?"

"आधी भाकरीले. माहं मंग पाहू."

'चोनचोनी' म्हणजे हळूहळू. ते पाठीला तेल चोळताना घोकून घेतलं. मी जोर लावला की हे ओरडायचे, "चोनचोनी!"

"आता काऊन चोनचोनी? लग्नाच्या सालात तं लय घाई होती तुमाले!"

ओसरीवर सासूबाई मुद्दाम खोकायच्या. हे लाजून चूर व्हायचे, पण शब्द पक्का व्हायचा.

एकच अडलं. 'तेरिजी मा.' मारू नका. सगळ्यात गरजेचं तेच, आणि तेच मेलं जिभेवर बसेना. 'तेजिरी' म्हणत, 'तेरिमा' म्हणत. मी चावटपणा करून पाहिला, गुदगुल्या केल्या, रुसून बसले. छे! शेवटी हे चिडून म्हणाले, "हे का माणसाच्या तोंडी शोभते? हे बायाचं बोलणं आहे."

खरंच होतं. त्या घरात ते वाक्य सासूबाईंचं. सासरे जिवंत होते तोवर रोजचं. घरातल्या पुरुषानं ते मराठीतही कधी म्हटलं नव्हतं.

निघायच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं आणि सासूबाई बंडी घेऊन शेतात गेलो, बैलांसाठी गवत आणायला. पाहतो तर ह्यांचा चुलतभाऊ आमच्याच धुऱ्यावरचं, म्हणजे बांधावरचं, गवत कापत होता. शब्दाला शब्द वाढला, आई-बहीण निघाली, आणि त्यानं बैल हाकायची तुतारी ह्यांच्या कपाळावर हाणली. टोकाच्या खिळ्यानं कातडी फाटली, रक्त डोळ्यांत उतरलं. हे बंडीकडं धावले आणि कुऱ्हाड घेऊन आले. चुलतभाऊ पळताना चिखलात घसरून उताणा पडला. ह्यांनी त्याच्या छातीवर पाय रोवला आणि कुऱ्हाड उचलली.

"मारू नका!" मी ओरडले. ऐकतो कोण! "तेरिजी मा!" तेही नाही. तेव्हा मी बंडीच्या कडेला खोचलेला दांडा, ती उभारी, उपसली आणि ह्यांच्या मनगटावर दणका घातला. कुऱ्हाड चिखलात पडली.

मी तिथंच थांबायचं, पण माझं डोकं फिरलं होतं. "फासावर चढता का? मले रंडकी करता का?" म्हणत खांद्यावर, पाठीवर, मांडीवर, दिसेल तिथं हाणत सुटले. चुलतभाऊ उठून केव्हाच पसार झाला. हे दोन्ही हातांत डोकं धरून खाली बसले, आणि तोंडातून अगदी स्वच्छ निघालं, "तेरिजी मा! तेरिजी मा!"

माझी उभारी वरच राहिली.

सासूबाई धुऱ्यावर उभ्या होत्या. "काय म्हणून राह्यला वं तो?"

"मारू नका म्हणतात."

त्या चिखल तुडवत लेकाजवळ आल्या.

"मी जलमभर हेच म्हटलं," त्या म्हणाल्या. "कोणी आयकलं नाई. तू आयक. टाक ते खाली."

मी उभारी टाकली आणि तिथंच चिखलात बसून रडले. दुसऱ्या दिवशी सुजल्या मनगटानं हे हिंगणघाटला गाडीत चढले. वाक्य आता पाठ होतं.